‘तांत्रिक अडचण’ म्हणजे नेमकं काय? आमच्याच साइटचा पंचनामा

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या न्यूज साइटवर नदीची पातळी साडेतीन तास चुकीची दिसत होती. दुसऱ्या दिवशी मी दोन ओळींची दिलगिरी टाकली होती आणि ‘कारण शोधून सविस्तर लिहितो’ असं म्हटलं होतं. ते लिहायचं राहून गेलं. परवा बाजारात एकाने विचारलं, “काय ओ पत्रकार, त्या रात्रीचं काय झालं शेवटी?” म्हटलं, आता पुढचा पावसाळा तोंडावर आलाय, त्याआधी हिशेब देऊन टाकावा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगतो. २०१९ चा पूर आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हापासून नदीकाठच्या माणसाला झोपताना एकच आकडा हवा असतो: किती फूट? आयर्विनचा आकडा प्रशासन देतं, राजाराम बंधाऱ्याचाही देतं. पण आमच्या गावच्या पुलाचं गणित वेगळं आहे. आमच्याकडे पिलरवर रंगवलेल्या खुणेला ४० फूट झाले की नदीवेशीतल्या पहिल्या घरांच्या उंबऱ्याला पाणी लागतं. हे जिल्ह्याच्या आकड्यावरून कळत नाही.

म्हणून आम्ही स्वतःच सोय केली होती. गावातली तीन पोरं पाळीपाळीने दर अर्ध्या तासाला बॅटरी घेऊन पुलावर जायची आणि पिलरवरचा आकडा टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकायची. एक छोटा प्रोग्राम तो आकडा उचलायचा आणि साइटवर मोठ्या अक्षरांत दाखवायचा. ग्रुपवर माणसं बारा, साइट बघणारी हजारोंनी. पोरांना पैसे नाहीत, आम्हालाही नाहीत. पण पुराच्या दिवसात त्या एका पानाचा गावाला आधार होता. याचा मला अभिमान होता, हेही कबूल करतो.

त्या रात्री मी एक वाजता झोपलो. दोन वाजता साइटवर आकडा होता ३८ फूट २ इंच. पावणेसहाला फोन वाजला. नदीवेशीतले गिरणीवाले तात्या.

“पत्रकार, पाणी गिरणीत आलंय.”

मी झोपेतच साइट उघडली. ३८ फूट २ इंच. म्हटलं, “तात्या, अजून दोन फूट आहे की.”

तात्या म्हणाले, “मीबी तीन वाजता तेच बघितलं न्हवं का! म्हटलं अजून दोन फूट हाय, सकाळी मोटर काढू. आता गुडघाभर पाण्यात हुबा हाय मी. तुमच्या आकड्यावर झोपलो.”

मग टेलिग्राम उघडलं. पोरांनी एकही पाळी चुकवली नव्हती. अडीच, तीन, साडेतीन, सगळे आकडे ओळीने पडले होते. साडेपाचचा आकडा होता ४० फूट १ इंच. साइटने मात्र दोननंतर एकही उचलला नव्हता. साइट बंद पडली नव्हती. बातम्या दिसत होत्या, जाहिराती दिसत होत्या. फक्त आकडा गोठला होता आणि तो गोठलाय हे बघणाऱ्याला कळायची काहीच सोय नव्हती.

जीवितहानी झाली नाही, हे नशीब. तात्यांची मोटर गेली आणि लोकांनी दळायला आणून ठेवलेली नऊ पोती भिजली. धान्य दुसऱ्यांचं होतं, तात्यांनी ते पदरचं भरून दिलं. माझ्याकडे त्यांनी एक रुपया मागितला नाही. मागितला असता तर बरं वाटलं असतं.

आता माझी पहिली चूक. सहा वाजता मी घाईघाईने लॅपटॉप उघडला आणि अख्खा सर्व्हर रीस्टार्ट केला. सगळं चालू झालं, आकडा पुढे सरकला. मग पोस्ट लिहायला घेतली: ‘काही तांत्रिक अडचणीमुळे आज पहाटे…’

इथे हात थांबला. वीस वर्षं पत्रकारिता करतोय. ‘तांत्रिक कारणास्तव’ हे दोन शब्द ज्या प्रेसनोटमध्ये असतात, त्या प्रेसनोटची मी जाहीर टिंगल करत आलोय. तांत्रिक कारण म्हणजे कोणतं? कधी घडलं? कुणाच्या हातून? हे प्रश्न मी इंजिनिअरांना आणि तहसीलदारांना विचारलेत. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा माझ्या बोटांनी तेच शब्द टाइप केले. ओळ पुसली, ‘चूक आमची आहे, कारण शोधतो’ एवढंच लिहिलं आणि खरंच शोधायला बसलो.

मला यातलं फार कळत नाही. माझा डिप्लोमा पत्रकारितेचा. आमच्या गल्लीतली एक पोरगी पुण्यात कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करते, तिला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न, “काका, रीस्टार्ट केला नाही ना?”

म्हटलं, “केला.”

“पोलिस पंचनाम्याच्या आधी बॉडी हलवू देतात का? तुम्ही तर क्राइम बीट केलंय.”

बोलणं कमी असलं तरी लागलं. पण लॉग शिल्लक होते. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी, कोणत्या सेकंदाला काय झालं ते त्यात आपोआप लिहिलं जातं. ती म्हणाली, आधी संशयितांची यादी सांगा.

माझी यादी तयार होती. एक, सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी. दोन, हॅकिंग, कारण आदल्याच आठवड्यात मी एका ठेक्यावर लिहिलं होतं आणि दोन-चार जणांचा राग होता. तीन, पावसाने लाइन गेली असणार. ती हसली. सर्व्हर मुंबईत, आपल्या गावच्या लाइटीचा त्याच्याशी काय संबंध? “काका, यादी रागावरून केलीय तुम्ही. लॉग बघू.”

दोन संध्याकाळी आम्ही लॉग बघितले. शेवटचा आकडा दोनचा, म्हणजे गडबड दोन ते अडीचच्या मध्ये. त्या वेळेच्या नोंदी उघडल्या तर सगळं शांत. एकही चूक नाही. माझा हॅकिंगचा संशय पुन्हा वर आला, म्हटलं पुरावा पुसलाय कुणीतरी. तिसऱ्या दिवशी तिनेच फोन केला. “काका, आपण दोघंही मूर्ख. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे.” म्हणजे ग्रीनिचच्या वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपले रात्रीचे दोन म्हणजे सर्व्हरचे आदल्या दिवशीचे साडेआठ. आम्ही दोन दिवस भलत्याच वेळेचा पंचनामा करत होतो. घड्याळ जुळवल्याशिवाय साक्ष घ्यायची नाही, हे मी वीस वर्षं कोर्टात बघतोय. तरी चुकलो.

मग २० वाजून ४० मिनिटांची, म्हणजे आपल्या दोन दहाची नोंद उघडली आणि गोष्ट उलगडायला लागली.

साइटचं सगळं लिखाण, फोटोंच्या नोंदी, पातळीचे आकडे, हे डेटाबेस नावाच्या एका प्रोग्राममध्ये असतं. तो साइटचं काळीज. त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये दोन दहाला वाक्य अर्धवट सुटल्यासारखं होतं. ‘बंद होतोय’ नाही, ‘चूक झाली’ नाही, काहीच नाही. एकदम पुढची ओळ: सुरू होतोय. तिने समजावलं की प्रोग्राम स्वतः पडला तर बहुतेकदा काहीतरी बोलून पडतो. नीट बंद करायला सांगितलं तर आवरून, निरोप घेऊन जातो. पण सिग्नल ९ नावाचा एक हुकूम असतो. तो आला की प्रोग्रामला आवरायला एक क्षणही मिळत नाही, तो तिथल्या तिथे संपतो. शेवटचा शब्द नाही याचाच अर्थ तो मेला नाही, मारला गेला. मग मारणाऱ्याची रोजनिशी बघायची.

मारणारा सापडला कर्नलच्या लॉगमध्ये. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, मशीनची सगळी मालमत्ता कुणाला किती द्यायची हे तो ठरवतो. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’ आणि पुढे आमच्या डेटाबेसचं नाव.

हे प्रकरण मला तिने पतसंस्थेच्या भाषेत सांगितलं, आपल्याकडे ती सगळ्यांना कळते. पतसंस्थेत हजार लोकांच्या ठेवी असतात, पण सगळे पैसे तिजोरीत नसतात. कर्जाने बाहेर दिलेले असतात. रोज थोडेच लोक काढायला येतात म्हणून चालून जातं. लिनक्सही मेमरी अशीच वाटतो, असते त्यापेक्षा जास्तीचा शब्द देऊन बसतो, कारण सगळे प्रोग्राम एकाच वेळी सगळं मागत नाहीत. पण एखाद्या रात्री सगळेच रांगेत उभे राहिले तर? पतसंस्था बुडते. लिनक्स बुडत नाही. तो आपल्यातल्याच एकाला मारतो, त्याची मेमरी मोकळी करतो आणि बाकीच्यांना जगवतो. कुणाला मारायचं? मुख्यतः जो जास्त मेमरी धरून बसलाय त्याला.

आमच्या मशीनला एक जीबी मेमरी. डेटाबेस साधारण ३५० एमबी धरून बसलेला. साइटचं पान बनवून देणारे छोटे कामगार-प्रोग्राम प्रत्येकी ४५ एमबीच्या आसपास. एरवी तीन-चार चालतात. पण सेटिंगमध्ये वीसपर्यंत परवानगी होती. वीस गुणिले पंचेचाळीस, नऊशे. त्यात डेटाबेसचे साडेतीनशे मिळवा. एक जीबीत बसतच नाही. हा गुणाकार चौथीतलं पोर करेल, पण तो आम्ही कधी केलाच नव्हता. एरवी गरज पडली नाही. त्या रात्री अख्खा नदीकाठ जागा होता आणि दर दोन मिनिटांनी पान उघडून बघत होता. कामगार वाढत गेले, मेमरी संपली आणि गळा कापला गेला डेटाबेसचा. गर्दी त्याने केली नव्हती, तो फक्त सगळ्यात जाडजूड दिसत होता. आमच्या यंत्रणेचं हे मरण बघा: ज्या रात्रीसाठी ती बांधली, नेमकी त्याच रात्री ती मरणार, असा हिशेब आम्हीच करून ठेवला होता.

मग पोरीने तीन महिने मागपर्यंत शोधलं. अशाच चौदा नोंदी सापडल्या. निकालाच्या रात्री, एका अपघाताच्या संध्याकाळी, जेव्हा जेव्हा गर्दी झाली तेव्हा डेटाबेस मारला गेला होता. चौदा वेळा. मला एकदाही कळलं नाही, कारण ‘बंद पडलं की आपोआप चालू होऊ दे’ अशी सोय मीच लावून घेतली होती. मिनिटाभरात तो उठायचा. लोकांना वाटायचं नेट स्लो आहे. सोय वाईट नाही, ती हवीच. पण तिने आजार बरा केला नाही, फक्त मला तीन महिने ताप दिसू दिला नाही.

आता खरा प्रश्न. डेटाबेस मिनिटाभरात उठला, मग आकडा साडेतीन तास का गोठला?

कारण त्या रात्री मरण दोन झाली होती. टेलिग्रामवरून आकडा उचलणारा तो छोटा प्रोग्राम डेटाबेसशी सतत जोडलेला असायचा. दोन दहाला डेटाबेस अचानक गेला, जोडणी तुटली. ‘जोडणी तुटली तर थांब आणि पुन्हा प्रयत्न कर’ हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने एक ओळ लिहिली, डेटाबेसशी संपर्क तुटला, आणि तो संपला. त्याला उठवायची सोयही नव्हती, कारण पावसाळा सुरू झाल्यावर दहा दिवसांपूर्वी मी तो हाताने सुरू करून दिला होता. पावसाळ्यापुरता तर आहे, म्हणून. मोठा मेला तर उठवणारा होता. बारका मेला, त्याच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. आणि तात्यांचा जीव त्या बारक्यावर टांगलेला होता.

एवढ्यावर मी म्हटलं, सापडलं. ती म्हणाली, “नाही काका, ही अजून आपली गोष्ट आहे. पुरावा नाही.” पाऊस ओसरल्यावर एका रविवारी दुपारी, साइटवर आधी सूचना लावून, तिने पुण्यातून मुद्दाम डेटाबेसला सिग्नल ९ दिला. मी इथे फोनवर पान उघडून बसलो. वीस सेकंद साइट अडली, मग छान चालू झाली. पोरांनी ग्रुपवर खोटा आकडा टाकला, ९९ फूट. साइटवर जुनाच. पाच मिनिटं, दहा मिनिटं, जुनाच. त्या रात्री तात्यांनी काय बघितलं असेल ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तेव्हा कुठे खात्री झाली.

दुरुस्ती सांगायला सोपी आहे. कामगारांची कमाल मर्यादा वीसवरून सहावर आणली. गर्दीत पान दोन सेकंद उशिरा उघडेल, पण कुणाचा गळा कापला जाणार नाही. अडीनडीला डिस्कवर जादा जागा, म्हणजे स्वॅप, ठेवली. आकडे उचलणाऱ्या प्रोग्रामला पुन्हा जोडायला शिकवलं आणि त्यालाही आपोआप उठायची सोय दिली. दुसऱ्याच ठिकाणच्या एका मशीनवर पहारेकरी बसवला. तो ‘साइट चालू आहे का’ असं विचारत नाही, ‘शेवटचा आकडा किती जुना आहे’ असं विचारतो. पंचेचाळीस मिनिटांत नवा आकडा नाही आला तर माझा आणि आणखी एकाचा फोन वाजतो, रात्रीसुद्धा.

सगळ्यात महत्त्वाचा बदल तात्यांनी सुचवला. त्यांना सर्व्हरमधलं काही कळत नाही. ते म्हणाले, “आकडा शिळा झाला तर दावूच नका की. कोरं ठेवा. कोरं दिसलं तर मी पुलावर जाऊन बघीन.” आता तसंच केलंय. प्रत्येक आकड्याशेजारी वेळ दिसते. आकडा पंचेचाळीस मिनिटांपेक्षा जुना झाला की तो पानावरून जातो आणि तिथे येतं: ‘ताजा आकडा नाही. पुलावर विचारा किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा.’

पोरीने मला वाचायला एक प्रकरण पाठवलं होतं, ते इथे सांगावंसं वाटतं. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ अंधारात गेला. सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा दुपारी सव्वादोनच्या सुमाराला गुपचूप गोठली होती. इशारे येत नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे, असं तिथल्या माणसांना वाटत राहिलं. बाहेर लाइनी एकामागून एक तुटत होत्या. सर्व्हर पडलाय हे संगणक विभागाला कळलं, त्यांनी तो रीस्टार्टही केला. पण इशाऱ्याची यंत्रणा खरंच चालू झाली का, हे नियंत्रण कक्षाला विचारून खात्री केली नाही. चारच्या पुढे सगळंच कोसळलं. नंतर अमेरिका आणि कॅनडाने मिळून चौकशी केली आणि मिनिटामिनिटाचा अहवाल २००४ मध्ये लोकांसमोर ठेवला. तो अहवाल आज कुणीही वाचू शकतो. आमची साइट त्यापुढे मुंगीएवढी. पण चूक तीच, रीस्टार्ट करून मोकळं होण्याची घाईही तीच.

आता हे सगळं चावडीवर का मांडतोय?

कारण आपलं अर्धं आयुष्य आता अशाच यंत्रणांवर चालतं. रेशनच्या मशीनवर अंगठा, सातबारा, दाखले, पीक विमा, अ‍ॅडमिशनचा फॉर्म, खरेदीखत. आणि महिन्यातून एकदा तरी आपण खिडकीसमोर उभं राहून ऐकतो: सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. आपण उद्या जातो. ज्याचा त्या दिवशीचा रोजगार बुडाला त्याची नोंद कुठेही होत नाही. शेवटच्या तारखेलाच यंत्रणा पडते याचं आपल्याला नवल वाटत नाही, नशीब वाटतं. ते नशीब नाही. शेवटच्या तारखेला गर्दी होणार हे कुणालाही आधी माहीत असतं. तो माझ्यासारखाच न केलेला गुणाकार असण्याची शक्यता जास्त.

खिडकीमागच्या माणसावर ओरडून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं. तोही आमच्या डेटाबेससारखा, समोर दिसतो म्हणून मार खातो. प्रश्न वर विचारायचे आहेत आणि ते चारच आहेत. कधी पडलं आणि किती वेळ? नेमकं काय पडलं? का पडलं? पुन्हा पडू नये म्हणून काय बदललं? ‘चालू झालंय’ हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

मी हे प्रश्न एका कार्यालयाला माहिती अधिकारात विचारले. उत्तर मुदतीत आलं: अशी नोंद ठेवली जात नाही. मला राग आला नाही, कारण तीन महिन्यांपूर्वी मला कुणी विचारलं असतं तर माझंही उत्तर हेच होतं. पण मी आता नोंद ठेवतो. एका वहीत चार रकाने, त्या चार प्रश्नांचे. साइट पाच मिनिटं अडली तरी लिहितो. एवढं आमच्यासारख्या दोन माणसांच्या दुकानाला जमतं, तर ज्यांच्याकडे कर्मचारी आहेत आणि बजेट आहे त्यांना का जमू नये?

तुम्हीही एक करा. ‘सर्व्हर डाऊन’ ऐकलं की तारीख, वेळ आणि कामाचं नाव लिहून ठेवा. अर्ज दिला असेल तर पोच घ्या. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे आणि मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. तुमच्या नोंदी मला पाठवा किंवा खाली कमेंटमध्ये लिहा. नावं नकोत, शिव्या नकोत. तारीख, वेळ, काम. पन्नास नोंदी जमल्या की मी त्या घेऊन वर जाईन, आणि जे उत्तर मिळेल ते इथेच टाकेन.

तात्यांची गिरणी दिवाळीच्या आधी पुन्हा सुरू झाली. नवी मोटर त्यांनी जमिनीपासून चार फूट उंच कट्ट्यावर बसवलीय. मी म्हटलं, “तात्या, आता आमच्या आकड्यावर विश्वास नाही का?”

म्हणाले, “हाय की. पण कट्टाबी हाय.”